घाट मीच मागितला होता, अक्का

प्रिय अक्का,

आज सकाळी आलेला माल: ग्रॅनाइटचं बाक एक, पाठ टेकायच्या दगडासकट, साडेतेरा हजार. नाव कोरायचे अक्षरामागे साठ, मराठीला आणि कन्नडला एकच भाव. टेम्पो बाराशे. उतरवायला चार माणसं, त्यांचे मिळून आठशे. त्यांना दिलेलं उप्पीट मी धरलं नाही, ते घरातलंच.

बाक तुमच्या नावाचं आहे. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि ह्यांनी मनात घेतलं की आपल्या बहिणीची काहीतरी खूण तळ्यावर हवी. स्वतःची चप्पल घेताना तीन दुकानं फिरणारा हा माणूस, पण बाकाची किंमत ऐकून घासाघीस केली नाही. नावापुढे बी.एस्सी., बी.एड. पण हवं होतं. मी विचारलं, टिंबांचेही पैसे पडतात का? तर म्हणाले, पडू देत. मग टिंबांसकट कोरलं.

बाक सध्या व्हरांड्यात आहे. जेवणं होईपर्यंत दोनदा जाऊन ओल्या फडक्याने पुसून आले. आता दुपारचे झोपलेत, म्हणून मी लिहायला बसले.

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एका छपराखाली राहणारी माणसं कशाला लिहितील? आणि ‘प्रिय’ तर तोंडातून निघालंच नसतं. नणंदेला भावजय प्रिय म्हणते का कुठे! तुम्ही चष्म्यावरून पाहिलं असतंत आणि विचारलं असतंत, “काय हवंय, सुमन?”

हवंय, अक्का. म्हणूनच लिहितेय.

उद्या रविवारी तळ्यावर सभा आहे. सभेच्या आधी, सकाळीच, हे बाक घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर सिमेंटात बसवायचं ठरलंय. जो घाट तुम्हाला नको होता, त्या घाटावर. कशासाठी, ते सांगते. पण आधी तळं कसं झालंय ते सांगायला हवं. तुम्ही अर्धंच पाहून गेलात.

कारखान्याची भिंत पार गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तो कपडे रंगवायचा कारखाना जोरात होता आणि तळ्याचं पाणी वारावर रंग बदलायचं. सोमवारी निळं, बुधवारी लाल. माहेरी मी पत्रात लिहिलं होतं की आमच्या घरामागे मोठं तळं आहे. पाण्याचा रंग लिहिला नव्हता. मग कारखाना बंद पडला आणि कितीतरी वर्षं तिथे गंजकी पिंपं, बाटल्या आणि मोकाट कुत्री. पीण्या भागातल्या कारखान्यांत कामावर जाणाऱ्या बायका लांबचा वळसा घालून जायच्या, आठवतं ना?

आता त्याच बायका तळ्याच्या काठाने जातात. पंपघराचा बसथांबा केलाय, मेट्रोपर्यंत नेणारी छोटी बस तिथून सुटते. कोळशाच्या गाड्यांच्या वाटेवर सायकली आणि चालणारी माणसं. धुराडं पाडलं नाही, ते तुमच्या सांगण्यावरून. त्यात पाकोळ्या, ते छोटे काळे पक्षी, राहायला आल्यात. संध्याकाळी शेकड्याने गोल फिरतात आणि मग, धूर उलटा आत शिरावा ना, तशा वरून आत शिरतात. मुलं बघायला उभी राहतात. बसचा ड्रायव्हरसुद्धा एकदा थांबलेला मी पाहिलाय, गाडी चालू ठेवून.

तेवढं तुमचं ऐकलं गेलं. बाकीचं माझं.

तुमची जागा पश्चिमेच्या काठावर होती. चपला हातात घेऊन तुम्ही चिखलात उभ्या राहायचात, आणि समोर ते पुरुषभर उंच पाणकणीस. त्यातून जांभळ्या पाणकोंबड्या निघायच्या, लांब बोटं उचलून उचलून टाकत, नवं लुगडं नेसलेल्या बाईसारख्या. हे तुमचंच वाक्य. मी घराच्या पायरीवर तुमचे पाय धुवायला पाणी ओतायची आणि मनात म्हणायची, शाळेतून निवृत्त झाल्या तरी यांचा वर्ग काही सुटत नाही.

आणि मला हवा होता घाट. का हवा होता, ते तुम्ही एकट्याच ओळखून होतात. कृष्णाकाठी वाढलेली मुलगी मी. आईबरोबर पहाटे घाटावर जायचं, पाण्यात उभं राहायचं, समोर नदीपलीकडे सूर्य वर आला की ओंजळीने अर्घ्य द्यायचं. बंगळूरला आले आणि ते सुटलं. गच्चीवर तांब्या घेऊन उभी राहायची, तर सूर्य पाण्याच्या टाकीमागून यायचा. त्यामुळे पालिका लोकांना विचारून तळ्याचं सगळं नव्याने करणार म्हटल्यावर माझ्या मनात एकच आलं. आणि उगवता सूर्य पाण्यापलीकडे हवा असेल तर घाट पश्चिमेच्याच काठाला हवा. दुसरीकडे बांधून उपयोग नाही.

तुम्ही म्हणालात, दक्षिणेच्या काठाला बांधू दे, तू मान वळव. मान वळवली म्हणून सूर्य रुसतो का? मी म्हटलं, मान वळवून बसची वाट बघतात, देवाची नाही. आपण दोघी हसलो होतो त्यावर. मी जरा जास्तच हसले, कारण तुम्हाला उत्तर दिल्याचा आनंद मला क्वचित मिळायचा.

मग तुम्ही हसणं थांबवून दुसरी गोष्ट सांगितलीत. वस्तीचं सांडपाणी आणणारा मोठा नाला, इथे ज्याला राजकालुवे म्हणतात, तो पश्चिमेलाच तळ्यात पडतो. पाणकणीस बरोबर त्याच्या तोंडाशी आहे. “ती गाळणी आहे, सुमन. गाळणी फेकून द्यायची आणि मग कपात चोथा आला म्हणून बोंबलायचं, असं होईल.”

मी म्हटलं, नाल्याचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसणार आहे, नकाशात दाखवलंय.

यंत्र अजून बसतंय, अक्का.

सभेत हात वर करून निवड झाली. भजनी मंडळाच्या आम्ही सगळ्या एका रांगेत. माझ्या बाजूने हातच हात. तुमचा हात मी शोधला. तुम्ही दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होतात. नंतर बाहेर येऊन माझ्या केसांतला गजरा सरळ केलात आणि म्हणालात, छान बोललीस.

पाणकणीस काढायला मशीन आलं तो दिवस मला रोज आठवतो. तुम्ही सकाळी तिकडे जाऊन आलात. हे घरात नव्हते. मी दारातच विचारलं, काय झालं? तुम्ही पायाचा चिखल स्वतःच धुतलात, मला तांब्या घेऊ दिला नाहीत. म्हणालात, “पिल्लं होती आत. काळी काळी.” एवढंच. मग आत येऊन विचारलंत, आज एकादशी ना, साबुदाणा भिजवलास का?

मी भिजवला होता. आपण दोघींनी खिचडी खाल्ली. तुम्ही उपास कधीच करत नव्हतात, त्या दिवशी मात्र ताटाला ताट लावून बसलात. का बसलात, अक्का? मला बरं वाटावं म्हणून? त्यापेक्षा खिचडी भिंतीवर फेकली असतीत तर मी आज सुखात असते.

हीच माझी तक्रार आहे तुमच्याबद्दल. साऱ्या शाळेला भांडायला शिकवलंत. हेडमास्तरांशी भांडलात, बस कंडक्टरशी भांडलात, दूधवाल्याच्या मापाशी भांडलात. माझ्याशी तेवढं नाही. घरातली म्हणून? की मॅट्रिक शिकलेली म्हणून? दुसरं कारण असेल तर मला राग येईल. पहिलं असेल तर काय येईल, ते सांगता येत नाही.

पायऱ्या अर्ध्या झाल्या आणि तुम्ही गेलात. उद्घाटनाला सगळ्यांनी माझी ओटी भरली. घाट खरंच सुंदर झालाय, हे खोटं कसं बोलू? म्हाताऱ्या बायका येऊन बसतात, कार्तिकात दिवे सोडतात, कामावरून सुटलेल्या मुली बसची वाट बघत पायऱ्यांवर डबा खातात. पहिल्या दिवशी सूर्य पाण्यापलीकडून वर आला तेव्हा मी रडले. आई आठवली. तुम्ही आठवला नाहीत. हे मी देवासमोर कबूल केलंय, आता तुमच्यासमोर.

मग उन्हाळा आला. पाण्याला वास सुटला. नाल्याचं सगळं थेट पायऱ्यांपाशी येऊन साचतं, कडेला साबणासारखा फेस. एका सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. पाणकोंबड्या तर गेल्याच, बुडी मारणारी टिबुकलीसुद्धा दिसत नाही. आणि मी काय करते, माहीत आहे? त्या पाण्यात हात घालवत नाही. घरून तांब्याभर नळाचं पाणी नेते, तळ्याच्या काठी उभी राहते आणि त्याचं अर्घ्य देते. मंडळातल्या सगळ्याच तसं करतात. पंधरा-वीस बायका हातात झाकलेले तांबे घेऊन एवढ्या मोठ्या तळ्याकडे चालत जातो. तुम्ही असतात तर हसला असतात. तुम्ही असतात तर बरं झालं असतं.

तळ्याचे नकाशे काढणाऱ्यांतली ती म्हैसूरची मुलगी, सिंचना, तुमच्याशी तासन्‌तास बोलायची ना? ती मागच्या आठवड्यात घरी आली होती. नवा नकाशा घेऊन. नाला जिथे पडतो तिथल्या खालच्या पायऱ्या काढायच्या, उतार करून माती टाकायची आणि पाणकणीस परत लावायचं. दक्षिणेकडच्या थोड्या पायऱ्या राहतील. पक्षी येतील का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, दोन-तीन वर्षं लागतील, आले तर येतील. तिने गोड बोलून फसवलं नाही, हे मला आवडलं. पण रविवारच्या सभेत लोकांनी हो म्हटल्याशिवाय दगडाला हात लावता येणार नाही, आणि लोक घाटापायी वेडे आहेत. “आंटी, तुम्ही बोललात तर ऐकतील,” म्हणाली. मी तिला लाडू दिला आणि विषय बदलला. तुमच्याकडूनच शिकले ते.

मंडळात बातमी पोहोचलीच. नागरत्नम्मा, आमच्या मंडळाच्या अध्यक्षा, म्हणाल्या की भूमिपूजन झालेल्या पायऱ्या उपटणं म्हणजे देवाच्या अंगावर हात टाकणं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असेल. त्यातच कुणीतरी ह्यांच्या बाकाचा विषय काढला. नागरत्नम्मा म्हणाल्या, “सरी, बरं मग, वरच्या पायरीवरच बसवू. अक्कांचं नाव दगडात असलं की कोण हात लावेल? ती सिंचना तरी लावेल का?”

सगळ्या हसल्या. मी बसले होते तिथेच, अक्का. प्रसादाची केळी कापत होते. कापतच राहिले.

संध्याकाळी ह्यांना त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की सगळ्यात वरची जागा, मानाची जागा. ह्यांचे डोळे भरून आले. फोनवर तीनतीनदा आभार मानले. तेव्हापासून मी ह्यांच्याकडे नीट बघू शकत नाही. तुमच्या नावाचा दगड, आणि तो ठेवायचा तुमच्याच म्हणण्याच्या छातीवर!

इथवर लिहिलं आणि हे उठले. चहा ठेवायला गेले. गाळणी हातात घेतली आणि चहा तसाच उकळत राहिला. शेवटी कप पुढे ठेवून सांगून टाकलं, बाक पायरीवर बसवायचं नाही.

त्यांना वाटलं, खर्चाचं काही असेल. म्हणाले, सिमेंट नागरत्नम्मांचा मुलगा देणार आहे, आपल्याला काही पडत नाही. मी म्हटलं, तसं नाही. मग मंडळात जे जे बोलणं झालं ते सगळं सांगितलं. सिंचनाचा नकाशा, नागरत्नम्मांचं वाक्य, सगळ्यांचं हसणं. केळी कापत बसल्याचंही सांगितलं.

ह्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, “मला वाटलं, त्यांना अक्का आवडायची.”

“आवडायचीच,” मी म्हटलं. “पण पायऱ्या जास्त आवडतात. मलाही तसंच झालं होतं.”

“तू तेव्हा तिचं ऐकलं असतंस तर?”

एकदाच म्हणाले. आवाज चढवला नाही. सगळ्या संसारात मला इतकं लागलेलं दुसरं वाक्य नाही, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

उठून व्हरांड्यात गेले. मी मागे गेले. बाकावर बसले नाहीत, बाजूला उंबऱ्यावर बसले. जरा वेळाने स्वतःच विचारलं, पाणकणीस लावलं तर त्याच्या कडेला बाक राहील का? मी म्हटलं, तिथे माती टाकणार, चिखल असणार, इतका जड दगड खचेल.

“खचू दे,” म्हणाले. “तीसुद्धा चिखलातच उभी असायची.”

आणि मग तुमचे धाकटे भाऊ रडले, अक्का. तुम्ही गेलात तेव्हा रडले नव्हते, सगळ्यांना पाणी देत फिरत होते. मी जवळ बसले. ह्यांच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ते कळेना, मघाच्या वाक्यानंतर. मग ठेवला.

आत्ता बाक बसवणाऱ्या गवंड्याला उद्या येऊ नको म्हणून फोन करायला गेलेत.

आता राहिलं ते लिहायचं मघापासून टाळतेय. पहिल्या सभेच्या आदल्या दिवशीचं. माझं कन्नड म्हणजे बाजारातलं. स्वल्प कमी करा, आयतु, सरी, यापलीकडे चार माणसांत बोलायची हिंमत नव्हती. मी मराठीत सगळं लिहून काढलं होतं आणि स्वयंपाकघरात रडकुंडीला आले होते. तुम्ही आलात, कागद घेतलात, ओट्याशी उभ्या राहून सगळं कन्नडमध्ये करून दिलंत. माझी जीभ वळेपर्यंत म्हणवून घेतलंत. मी सुरुवात केली होती, आम्ही गरीब बायका हात जोडून विनंती करतो. ते तुम्ही खोडलंत. म्हणालात, “विनंती नको. हे तळं आमचंही आहे, असं सुरू कर. मग ऐकतात.”

ऐकलं, अक्का. सगळ्यांनी ऐकलं. मध्येच एका शब्दाला अडले तर खालच्या आवाजात तो शब्दही तुम्हीच सांगितलात, मागच्या खुर्चीवरून. ज्या सभेत तुम्ही हरणार होतात, त्या सभेत मला तुम्ही जिंकवलंत. घरी येऊन मी देवापुढे नारळ फोडला. तुम्हाला साधं चांगलं म्हटलं नाही. तुम्हीच खोबरं किसून दिलंत त्या नारळाचं.

या सगळ्याची भरपाई होत नाही, एवढं मला कळतं. गेलेली पिल्लं परत येत नाहीत आणि तुम्हीही. पण तुम्हाला शब्द देते: उद्या सभेत मी उठेन. नागरत्नम्मा पहिल्या रांगेत असतील, मंडळ सगळं असेल. त्यांच्याकडे बघूनच सांगेन की घाट मी मागितला होता, आणि खालच्या पायऱ्या मीच परत देते. देवाच्या अंगावर हात पडत असेल तर तो माझा पडू दे, त्याचं माझं मी बघून घेईन. कुणी हात वर केला नाही तर पुढच्या सभेला पुन्हा उठेन. मंडळाने काढून टाकलं तर भजन घरी म्हणेन, ह्यांना टाळ वाजवायला बसवेन. पण तुमचं नाव कुणाच्या हट्टापुढे ढाल म्हणून लावू देणार नाही, माझ्यासुद्धा नाही.

बोलायचं काय, ते ठरलंय. सुरुवात जमत नाही. सकाळपासून जुळवतेय, पण प्रत्येक वेळी विनंतीच तोंडात येते, आणि मागच्या खुर्चीवर कुणी नाही. सभा दहाला आहे. पहिलं वाक्य तेवढं उलट टपाली कळवा, पुढचं मी निभावते.

तुमची,
सुमन